सहा खेपांचा निधी

अंडाशयाच्या कर्करोगाने पीडित भगिनीकरिता वर्गणी गोळा करावयाची म्हटले, की शस्त्रक्रियेचा आकडा डोळ्यांपुढे येतो. तो भरला म्हणजे आपले काम झाले, असा आम्हां सर्वांचाच समज. परंतु शस्त्रक्रियेच्या मागेपुढे केमोथेरपी असते. ती बहुधा तीन तीन आठवड्यांच्या अंतराने सहा वेळा घ्यावी लागते. बेळगावहून मुंबईस टाटा रुग्णालयात जाणाऱ्या बाईस दर खेपेस दोघांचे भाडे, मुक्काम, तपासण्या, शिवाय सोबत्याची बुडालेली मजुरी! खेप चुकली की उपचाराचा क्रम मोडतो. म्हणून निधी एकरकमी न देता खेपेखेपेस द्यावा. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत अशा रुग्णांची उतरण्याची सोय आहे, हेही घरोघर सांगावे.

हा रोग पोटात गुपचूप वाढतो. पोट फुगणे, चार घासांतच पोट भरणे, ओटीपोट दुखणे, वारंवार लघवीस लागणे, या तक्रारी आपल्या माताभगिनी ‘वात असेल’ म्हणून अंगावर काढतात. (त्यांतून उपवासांची सवय, भूक मंदावल्याचे घरात ध्यानीही येत नाही.) त्या दोन-तीन आठवडे टिकल्यास स्त्रीरोगतज्ज्ञास दाखवावे. पॅप तपासणी गर्भाशयमुखाची असते. तिच्यावर विसंबू नये.

आणि रुग्णाचे नाव मंदिराच्या फलकावर लिहू नये. मुलीची सोयरीक अडेल या भयाने घरचे लोक मदतच नाकारतात.