आधी अट, मग कृती

"इंग्रजी चांगलं आहे हो तिचं, पण बीए करून बीएडशिवाय पुढे काय?" जोगेश्वरी पूर्वेला राहणाऱ्या एका आईने परवा मला विचारलं. मुलगी इस्माईल युसूफ कॉलेजात आहे. तिथून थोड्याच अंतरावर १९७३ सालापासूनचं सीप्झ हे निर्यात क्षेत्र आहे. तिथे काय किंवा आणखी कुठे काय, सॉफ्टवेअर बनलं की ते कसं वापरायचं हे कुणीतरी लिहावं लागतं. हे काम टेक्निकल रायटरचं.

त्याला अलंकारिक इंग्रजी लागत नाही, हे मराठी माध्यमाच्या मुलांना मी मुद्दाम सांगते. मायक्रोसॉफ्ट आणि गूगलने आपापले लेखननियम सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. छोटी वाक्यं, वर्तमानकाळ, वाचणाऱ्याशी थेट बोलणं. एकदा 'फोल्डर' म्हटलं की शेवटपर्यंत फोल्डरच. निबंधात तोच शब्द पुन्हा आला की बाई लाल खूण करायच्या. इथे शब्द बदलला तर वाचणारा दुसरीच वस्तू शोधत बसतो. 'अगदी सोपं आहे' असंही लिहायचं नाही. ज्याला ते जमत नसतं, त्याच्या मनाला हे वाक्य लागतं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो गूगलचा एक नियम: आधी अट, मग कृती. 'अंधेरीला उतरून स्लो लोकल पकडा, गाडी जोगेश्वरीला थांबणार नसेल तर.' एकेक शब्द वाचत तसं करणारा माणूस अट येईपर्यंत फलाटावर उतरलेला असतो! 'गाडी जोगेश्वरीला थांबणार नसेल, तर अंधेरीला उतरून स्लो लोकल पकडा' असं लिहिलं की घोळ होत नाही. अंधेरीला पुढची गाडी तरी मिळते. सॉफ्टवेअरमध्ये चुकून पुसला गेलेला डेटा मात्र परत मिळेलच असं नाही.

एआयची धास्ती रास्त आहे. पहिला मसुदा आता यंत्रही लिहितं. म्हणून नुसती भाषा येऊन भागणार नाही; सॉफ्टवेअर स्वतः चालवून बघणं, प्रोग्रामरला न लाजता प्रश्न विचारणं शिकावं लागेल.

क्लासची फी भरण्याआधी गूगलचा टेक्निकल रायटिंगचा मोफत कोर्स करा. मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) आणि गिट (फाइलमधले बदल नोंदवणारं साधन) शिका. एखाद्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या माहितीपानांतली चूक दुरुस्त करून पाठवा. मुलाखतीत दाखवायला ते काम हाताशी राहतं.

त्या मुलीला मी एक काम दिलं आहे. मोबाइलवर लोकलचं तिकीट कसं काढायचं ते मराठीत लिहायचं, कागद आणि फोन आजीच्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. आजी जिथे अडेल, ते वाक्य पुन्हा लिहायचं.