ईस्टर बेटावरील पाषाणमूर्ति
पॅसिफिक महासागरांत, चिली देशापासून सुमारें २,२०० मैलांवर, रापा नुई नांवाचें बेट आहे. सन १७२२ च्या ईस्टर रविवारीं डच कप्तान रोग्गेव्हेन तेथें पोंचला, म्हणून त्यास ईस्टर बेट हें नांव पडलें. तेथें सुमारें ९०० प्रचंड मूर्ति आहेत. त्या कोणीं घडविल्या, हें पुष्कळांस गूढ वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. तेथील लोकांनींच त्या आपल्या पूर्वजांसाठीं रानो राराकू ज्वालामुखीच्या दगडांतून कोरिल्या. मग ती विद्या सांगणारे गेले कोठें? सन १८६२ पासून पेरूच्या गुलामव्यापाऱ्यांनीं शेंकडों लोक धरून नेले. त्यांत जाणते पुरुषही होते. थोडके परत आले, त्यांजबरोबर देवीची सांथ आली. सन १८७७ त बेटावर १११ माणसें उरलीं होतीं.