गाझी नेमकी कशाने बुडाली?

आमच्या मैंदर्गीहून समुद्र बघायचा तर आधी सोलापूर गाठायचं आणि मग रात्रभराच्या प्रवासाने मुंबई. त्यात मी कॉन्व्हेंटचा, बारावीपर्यंत पाणबुडीला सबमरीनच म्हणायचो. (शुद्धलेखन सांभाळून घ्या!) तरी हा लेख लिहितोय, कारण होस्टेलवर पाहिलेला २०१७ चा 'द गाझी अटॅक'. त्यात आपली पाणबुडी पाकिस्तानच्या गाझीला टॉर्पेडोने बुडवते. शिट्ट्या मीपण वाजवल्या. नंतर वाचायला बसलो तर कळलं, गाझी बुडवणारी अशी कुठलीच भारतीय पाणबुडी नव्हती!

गाझी मूळची अमेरिकेची 'डायब्लो'. १९४५ साली ती अमेरिकन नौदलात आली आणि १९६४ मध्ये पाकिस्तानने भाड्याने घेतली. लांबी ९५ मीटर, टॉर्पेडोच्या नळ्या दहा. १९६५ च्या युद्धात दोन्ही देशांत मिळून ही एकच पाणबुडी होती. आपली पहिली 'कलवरी' १९६७ ची. त्या सप्टेंबरात पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या, तेव्हा गाझी मुंबईबाहेर दबा धरून होती. आपली मोठी जहाजं चिडून बाहेर पडतील हा हिशोब. तो फसला. 'ब्रह्मपुत्रा'ला टॉर्पेडो लागला असा दावा नंतर झाला, पण ब्रह्मपुत्रा धडधाकट होती.

१९७१ मध्ये शिकार ठरली विक्रांत. (ती मुंबईत म्युझियम होती तेव्हा बाबांनी पाहिलीय.) कराचीहून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात जाण्याइतका पल्ला पाकिस्तानच्या एकट्या गाझीलाच होता. १४ नोव्हेंबरला कमांडर जफर मुहम्मद खान तिला घेऊन निघाले. इकडे व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानकडे लपवलं आणि 'राजपूत' या जुन्या विनाशिकेला विक्रांत बनवून विशाखापट्टणमजवळ खोटे संदेश पाठवायला लावले. गाझी तिथेच आली.

३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास बंदराबाहेर पडताना राजपूतला पाण्यात खळबळ दिसली. तिने दोन डेप्थ चार्ज टाकले. मग मोठा स्फोट झाला. गाझीवरच्या नव्वदहून जास्त माणसांपैकी एकही वाचला नाही.

आपलं म्हणणं, राजपूतने बुडवली. पाकिस्तानचं म्हणणं, तिने पेरलेला सुरुंग तिलाच लागला. तिसरा संशय बॅटरीवर, आणि इथे आपला सिलॅबस कामाला येतो. डिझेल पाणबुडी बुडी मारल्यावर बॅटरीवर चालते. गाझीच्या जातीच्या पाणबुडीत लेड-अॅसिडचे २५२ सेल असत. चार्जिंग पूर्ण होत आलं की जादा करंट पाण्याचंच विघटन करतो आणि हायड्रोजन सुटतो. हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की ठिणगीसुद्धा पुरते. म्हणून बॅटरीच्या जागेत पंखे सतत चालवावे लागतात. हा धोका जुन्या पाणबुड्यांपुरता नाही. २०१० मध्ये विशाखापट्टणमलाच आपल्या 'सिंधुरक्षक'च्या बॅटरीजवळ हायड्रोजनमुळे आग लागली आणि एक नौसैनिक गेला.

मग ठरवायचं कसं? बाहेरून दणका बसला तर पत्रा आत दबतो, आतून बसला तर बाहेर फुगतो. पाणबुड्यांनी (म्हणजे बुडी मारणाऱ्या माणसांनी, मराठीत दोघांना एकच शब्द!) पाहणी केली. स्फोट आतून झाल्यासारखा दिसतो असं मत बऱ्याच जणांनी मांडलं. पण एवढ्याने राजपूत बाद होत नाही. बाहेरच्या दणक्याने आतले टॉर्पेडो उडाले, तरी पत्रा बाहेरच फुगणार. मला स्वतःला हायड्रोजन जास्त पटतो, पण व्हायव्हात सिद्ध कर म्हटलं तर मी नापास. आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग कृष्णनसाहेबांनी काहीच केलं नाही का रे?" केलं ना. गाझीला हव्या त्या जागी आणलं आणि विक्रांत वाचवली. तेवढं तर कोणीच नाकारत नाही.

गाझी अजून तिथेच आहे. २०२४ मध्ये नौदलाच्या नव्या बचाव-यानाने तिची जागा शोधली. बुडालेल्या पाणबुडीतून जिवंत माणसं बाहेर काढायला घेतलेलं हे यान. आतल्या माणसांचा मान म्हणून गाझीला कोणी हात लावला नाही.