आकाश खरवडणारा शब्द : स्कायस्क्रेपर

आजचं वाचन गीता, अध्याय ११, श्लोक २४. अर्जुन विश्वरूपाला 'नभःस्पृश' म्हणतो, म्हणजे आकाशाला भिडलेलं. खरं सांगू? वाचताना मला आधी आमची बिल्डिंगच आठवली. म्हटलं, आज याच्या इंग्रजी भावंडाकडे बघू : स्कायस्क्रेपर.

स्काय म्हणजे आकाश, स्क्रेप म्हणजे खरवडणे. पातेल्याची खरवड काढतो ना, तेच. गंमत म्हणजे हा शब्द आधी इमारतीचा नव्हताच. अठराव्या शतकात शिडाच्या जहाजावर अगदी टोकाला लावायच्या छोट्या त्रिकोणी शिडाला स्कायस्क्रेपर म्हणत. १७८९ ची एप्सम डर्बी जिंकलेल्या घोड्याचं नावही हेच! पुढे उंच माणूस, उंच टोपी, काहीही. इमारतींना तो चिकटला १८८० च्या दशकात, अमेरिकेत. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग (१८८५) पहिली स्कायस्क्रेपर म्हणून सांगतात. मजले किती, तर १०. बराचसा भार भिंतींऐवजी लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर घेतला, म्हणून ती महत्त्वाची. १९३१ मध्ये ती पाडलीसुद्धा.

वापरताना एक लक्षात ठेवा. मोबाइल टॉवर किंवा देवळाचं शिखर कितीही उंच असलं तरी स्कायस्क्रेपर नाही. माणसं राहतात, काम करतात अशी बहुमजली इमारतच हवी.

जर्मन लोक तर ढग खरवडतात, त्यांचा शब्द वोल्केनक्राट्सर. आपण मात्र 'गगनचुंबी' म्हणतो, आकाशाचं चुंबन घेणारी. कालिदासाने मेघदूतात अलकेच्या प्रासादांना 'अभ्रंलिह' म्हटलंय, ढगांना चाटणारे. किती प्रेमळ! (आमच्या खिडकीतली धूळ बघून मला खरवडणंच पटतं, ते सोडा.)

पण अर्जुन त्या उंचीने खूश होत नाही. धीर सुटला, शांती मिळत नाही, असं तो सरळ सांगतो. इथे मी अडकलो. गेल्या महिन्यात आई पहिल्यांदा आमच्या २३ व्या मजल्यावर आली. हौसेने तिला गॅलरीत नेलं, "बघ, ढग किती जवळ!" तिने माझा हात घट्ट धरला आणि मी हसलो. "घाबरतेस काय?"

आज तिला फोन करून हा श्लोक सांगितला. म्हणाली, "पुढे म्हणतोच ना तो, तुझं नेहमीचं रूप दाखव म्हणून. दिवाळीला तूच ये इकडे."