जुने म्हणून नाकारावे का?

समजा, तुम्ही कंत्राट घेऊन संगणकाच्या आज्ञावल्या लिहून देता. एक बँक म्हणते, "काम कोबॉलमध्येच हवे." कोबॉल ही भाषा १९५९ सालची! गिऱ्हाईक जुन्याला चिकटून बसले म्हणून त्याला परत पाठवायचे का?

घाई नको. आधी १/१० हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत लिहून पाहा : ०.०००११००११... तो संपतच नाही; दशमानात १/३ संपत नाही, तसाच. संगणक तो कुठेतरी तोडतो. आम्हा भौतिकशास्त्रवाल्यांना ही चूक बहुधा चालून जाते, कारण आमच्या मोजमापातली चूक तिच्याहून कितीतरी मोठी असते. बँकेला मात्र एका पैशाचाही फरक चालत नाही. कोबॉलमध्ये दशमान आकडेमोडीची सोय मुळापासूनच आहे. शिवाय या भाषेचे आंतरराष्ट्रीय मानक २०२३ मध्येही सुधारण्यात आले. हे काम खुशाल घ्या.

आता दुसरे गिऱ्हाईक पाहा. एका रुग्णालयाला विंडोज एक्सपीवर चालणारी आज्ञावली हवी आहे, आणि तेथील संगणक इंटरनेटला जोडलेले आहेत. एक्सपी २००१ सालची, म्हणजे कोबॉलहून ४२ वर्षांनी लहान. पण मायक्रोसॉफ्टने तिची नेहमीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ पासून थांबवली. त्यानंतर सापडलेली भोके बहुतेक उघडीच राहतात. त्यांतून कोणी आत शिरले, तर ज्यांना कोणी विचारलेही नव्हते त्या रुग्णांचे हाल होतील. ते संगणक इंटरनेटपासून तोडायला रुग्णालय तयार असेल, तर काम करावे. नसेल, तर मी तरी नकार देईन. आणि कारण लेखी देईन.