ताटात दुसरं काय वाढशील?

काल फोनवर तू पुन्हा तेच म्हणालीस, "ताई, उद्यापासून लेकरावर ओरडणार नाही." ही शपथ आता सोड बाई. शपथ घेतेस सकाळी, डोकं शांत असताना. आणि ओरडतेस संध्याकाळी, कुकरची शिट्टी, वहीतली खाडाखोड आणि जावईबापूंचं "आज भाजी काय?" हे सगळं एकदम कानावर आलं की. तेव्हा ती शपथ तुला आठवतसुद्धा नाही.

आपल्याच मुलखातली गोष्ट सांगते. गाडगेबाबा १८७६ साली शेणगावात जन्मले, आमच्या अमरावती जिल्ह्यात. वाढले मात्र तुमच्याकडे, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी. वडील झिंगराजी दारूपायी गेले, म्हणून माय लेकराला घेऊन माहेरी आली होती. पुढे या डेबूजीला, म्हणजे गाडगेबाबांनाच, मुलगी झाली. बारशाला भावकीला दारू-मटण घालायचं, ही तेव्हाची रीत. डेबूजीनं पंगत रद्द केली नाही. माणसं बोलावली, बसवली आणि गोडाचं जेवण वाढलं. ज्या घरानं दारूपायी कर्ता माणूस गमावला, त्या घरात हे घडलं, म्हणून मला त्याचं फार मोल वाटतं. नुसतं "दारू मिळणार नाही" म्हणून ताट रिकामं ठेवलं असतं, तर कोण बसलं असतं पंगतीला?

तुझंही तसंच आहे. ओरडणं काढायचं, तर त्या जागी काय वाढायचं ते आधी ठरव. त्यासाठी ती जागा नेमकी कुठली, हे दिसायला हवं. फ्रिजवर एक छोटी वही ठेव. ओरडलीस की लेकरू झोपल्यावर दोन ओळी लिही: किती वाजले होते, त्याच्या आधी काय झालं, पोटात काय होतं, अंगात पहिल्यांदा कुठे जाणवलं. "मी वाईट आई" असलं काही तिथे लिहायचं नाही. बाबा कीर्तनात प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. तू तसंच स्वतःला विचार, वकिली न करता, शिक्षाही न देता.

मला वाटतं, वहीत भूक निघेल. दुपारच्या डब्यानंतर तू थेट रात्री जेवतेस, आणि वर उभ्यानं पोळ्या लाटत गणितं तपासतेस. तसं असेल, तर ऑफिसातून आल्या आल्या मूठभर फुटाणे-गूळ खा, बसून. गणितं जेवणानंतर. निम्मं भांडण तिथेच मिटेल.

उरलेल्या निम्म्यासाठी हाताला काम दे. अमेरिकेत अॅझरिन आणि नन या दोघांनी १९७३ मध्ये सवयी मोडायची एक रीत मांडली. नखं खाणाऱ्याला आधी हात तोंडाकडे कधी निघतो ते ओळखायला शिकवायचं आणि त्याच क्षणी मुठी आवळून धरायला सांगायचं. आवळलेल्या मुठीनं नख खाता येत नाही, एवढं साधं. तुझे कान तापतात ना आधी? कान तापले की लाटणं खाली ठेव, लेकराशेजारी जमिनीवर बस आणि जे बोलायचं ते हळू आवाजात बोल. राग असेलच. असू दे. मन शांत झाल्यावर नीट वागेन, असं म्हणत थांबू नको. वागणं आधी बदल, मन मागून येतं, कधी कधी बरंच मागून.

आणि २१ दिवसांत सवय लागते असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नको. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये छापून आला. जेवणासोबत फळ खाणं, पाणी पिणं असल्या साध्या गोष्टी अंगवळणी पडायलाही सरासरी ६६ दिवस लागले, काहींना त्याहून कितीतरी जास्त. पण एखादा दिवस चुकला म्हणून केलेलं वाया गेलं नाही. तेव्हा बुधवारी ओरडलीस, तर गुरुवारी वही उघड, बस्स.

एक मात्र स्पष्ट सांगते. हात उचलला जात असेल, झोप उडाली असेल, रडू थांबत नसेल, तर वहीवर भागवायचं नाही. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. माझ्यापासून लपवायचं काही कारण नाही.

रविवारी फोन कर. किती वेळा ओरडलीस ते मी विचारणार नाही. वहीत काय निघालं तेवढं वाचून दाखव.