सूर्य मावळण्यापूर्वीं

शास्त्रपाठ : इफिसकरांस पत्र ४ : २६, २७; अनुवाद २४ : १४, १५.

रागावर सूर्य मावळूं देऊं नये, अशा अर्थाची एक म्हण इंग्रजींत रूढ आहे. ती घरगुती म्हणीसारखी वाटते. पण तिचें मूळ पौलाच्या पत्रांत आहे. विल्यम टिंडेल यानें १५२६ सालीं ग्रीकवरून केलेला नवा करार इंग्रजींत छापून निघाला, त्यांत हे शब्द आले. १६११ च्या भाषांतरानेंही ते राखिले, व ते लोकांच्या तोंडीं बसले.

१. वचनाचा उगम. वचनाचा आरंभ स्तोत्र ४ : ४ मधील आहे. तेथील इब्री क्रियापदाचा मूळ अर्थ थरथरणें असा आहे; ग्रीक भाषांतरकारांनीं तें 'रागावणें' असें केलें, व पौलानें तेंच घेतलें. सूर्यास्ताची मर्यादा त्या स्तोत्रांत नाहीं. ती पौल घालितो. प्लुटार्क नांवाचा ग्रीक ग्रंथकार लिहितो कीं, पायथागोरसचे अनुयायी रागाच्या भरांत एकमेकांस टाकून बोलले, तर सूर्य मावळण्यापूर्वीं हातांत हात देऊन समेट करीत.

२. सूर्यास्तच कां? यहूद्यांचा दिवस सूर्यास्तास संपे. गरीब मजुराची मजुरी त्यापूर्वींच चुकती करावी, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा होती; कारण त्याचें पोट तिच्यावर असे. समेट हेंही असेंच देणें आहे. तें रात्रभर थकवूं नये.

३. राग हेंच पाप काय? नाहीं. लोकांच्या अंतःकरणाची कठोरता पाहून प्रभूलाही राग आला (मार्क ३ : ५). पाप आहे तें राग राखून ठेवण्यांत. राखेखालीं झांकलेला विस्तव सकाळीं फुंकर घालतांच पेटतो. तसा रात्रभर जपलेला राग. अशा घरांत सैतानाला जागा मिळते, असें पुढील ओवी नव्हे, पुढील वचनच शिकवितें.

बंधुजनहो, बांधावरून भाऊ भावाशीं बोलत नाहीं, आणि दोघेही प्रभुभोजनास बसतात, असें आपल्या मंडळींत नसावें. परंतु ज्याची मजुरी बुडाली त्यानेंच गप्प बसावें, असा या वचनाचा अर्थ करूं नये. ज्यानें ती बुडविली त्यानें आधीं उठावें, देणें चुकवावें, व मग क्षमा मागावी (मत्तय ५ : २३, २४).

प्रश्न : (१) आज मी कोणाचें काय देणें लागतों? (२) सूर्य मावळण्यापूर्वीं मला कोणाच्या दारीं गेलें पाहिजे?